खालच्या मजल्याच्या खिडक्या

मधूची आणि माझी ओळख माझ्याच आगाऊपणामुळे झाली. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

त्या वर्षी इथे आखातात, सीबमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला जुन्या विमानांचा देखावा होता. एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या, देवगडच्या मधूने दोन महिने खपून पुठ्ठ्याचं एक फ्रेंच विमान बनवलं होतं, १९५०च्या सुमाराचं, चार पंख्यांचं. त्यावर पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पाहते तर खिडक्यांच्या दोन रांगा! इतक्या जुन्या विमानाला कुठले दोन मजले? चुकून दोनदा चिकटवल्या असतील बिचाऱ्याने... कुणाला न विचारता मी खालची रांग बुजवून टाकली, वर स्वतःवर खूशही झाले.

संध्याकाळी आरतीला सगळे जमले, तेव्हा विमानापुढे पाटी लागली होती – 'दुमजली विमान'. मंडळाच्या कृष्णकांतकाकांनी विचारलं, दुसरा मजला देवगडलाच राहिला काय? सगळे हसले.

मधूने विमानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि शांतपणे म्हणाला, खाली सामान भरायचे, म्हणून खिडक्या नाहीत.

दहा दिवस मी त्याची नजर चुकवत राहिले. विसर्जनाच्या दुपारी कळलं, त्याची देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सलालाहला बदली झालीय, आजचीच बस. धावत मंडळाच्या हॉलवर गेले. तो विमान खोक्यात ठेवत होता.

"खिडक्या मी बुजवल्या," मी एका दमात म्हणाले. "मला काही कळत नव्हतं, तरी..."

"माहीत आहे. आरतीला टाळ्या वाजवत होतात ना, तेव्हा नखांना पांढरा रंग होता तुमच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुम्हाला मान खाली घालायला लावली असती, तर पुन्हा माझ्याशी बोलला असतात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओलं फडकं घेऊन मी खाली बसले, खिडक्या पुसू लागले. रंगाखालचा निळा चकचकीत कागद दिसू लागला. तो शेजारी बसून नुसता बघत होता. आठ झाल्या, चार उरल्या, आणि बसची वेळ झाली.

"राहू देत," तो म्हणाला. "सलालाहला येऊन पुसा."

"एवढ्या लांब? एकटी कशी येऊ?"

"मग... बाबांना घेऊन या," तो म्हणाला.

आणि या वेळी मान त्याने खाली घातली.