बिनभट्टीच्या राज्यातलं लोखंड

गंगव्वा पट्टणशेट्टी यांच्या शाहूपुरीतल्या कचेरीत लोक यायचे ते सोयरिकीआधी स्थळाची चौकशी करायला. २००३ सालच्या त्या रविवारी मात्र शिवलीला नावाची कॉलेजातली मुलगी डोळे पुसत आत आली.

"आक्का, माझ्यावर पाचशे लोखंडाच्या चोरीचा आळ आलाय."

"पाचशे किलो?" सयाजीराव दचकले. एसटीतून निवृत्त झालेले हे कंडक्टर गंगव्वांचे सहायक. डोकं सावकाश चालायचं, पण माणूस लाखमोलाचा.

"न्हाई हो काका. कॉम्प्युटरच्या खेळातलं."

खेळ असा होता. राज्य चालवायचं, फौज उभारायची. तलवारी मिळवायच्या दोन वाटा. भट्टी बांधून लोखंडाच्या घडवायच्या, त्या स्वस्त पण वेळखाऊ. नाहीतर बाजारातून सोनं मोजून घ्यायच्या, महाग पण हातोहात. लोखंड मात्र विकता येत नाही, ते फक्त भट्टीतच कामाला येतं.

"आणि तू?"

"मी भट्टी बांधलीच न्हाई. आमचं पेठ वडगावला धान्याचं दुकान हाय. बाजारात मिळतं त्याच्यासाठी घरात जागा अडवू नये, असं अप्पा म्हणतात. फक्त एकदम घेतलं की भाव चढतो, म्हणून थोड्या थोड्या घेते."

एका सायबर कॅफेतल्या स्पर्धेचा अंतिम सामना शनिवारी संध्याकाळी अर्ध्यावर थांबला होता. रविवारी सकाळी पुन्हा उघडला, तर तिच्या कोठारात पाचशे लोखंड! खेळात एक चोरवाट असते. ठरावीक अक्षरं दाबली की सोनं, तलवारी, लोखंड, मागाल ते मिळतं.

"तीन वाजता मला बाद करणार. अप्पांच्या कानावर गेलंय, ते निघालेत. चोरी खरी ठरली तर माझं कॉलेज बंद!"

राजारामपुरीतल्या त्या सायबर कॅफेत पंच सोमशेखर कागद घेऊनच बसला होता. इचलकरंजीचा हा तरुण शिस्तीचा पक्का.

"शनिवारी दोघांच्या कोठाराचे आकडे मी लिहून खिशात ठेवले. कुणालाच सांगितले न्हाईत. आज तिचं लोखंड वाढलेलं दिसलं."

"सकाळी इथं कोण होतं?"

"नवाला मशिनी चालू झाल्या, दहाला खेळ. त्या तासात आम्ही चौघंही आत-बाहेर करत होतो."

प्रतिस्पर्धी अमरसिंह भुवया चढवून म्हणाला, "माझे हेर तिच्या राज्यात फिरून आलेत. भट्टी न्हाई तिच्याकडं. कोठार मात्र दुसऱ्याला दिसत न्हाई. आक्का, असला फुकटचा कप मला नको."

उरले कॅफेचे मालक बाळासो. बावीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत घाम गाळला, ती बंद पडल्यावर हा कॅफे काढला.

"मला खेळातलं काय कळतंय? लोखंड वितळवण्यात जिंदगी गेली. पण शून्य लोखंडावर पोरगी लढणार कशी, तुम्हीच सांगा की!"

गंगव्वांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. सयाजीरावांनी कानात विचारलं, "अमरसिंहच न्हवं?"

"अमरसिंहला हिला अडकवायचं असतं, तर त्यानं सोनं टाकलं असतं. हिला भट्टी नाही हे त्याला ठाऊक होतं. लोखंडाची चोरी कोण खरी मानणार? शिवलीलानं स्वतः केली असती, तरी तिनं सोनंच घेतलं असतं. सोमशेखरनं हिच्यासाठी केली असती, तर स्वतःच ओरडून सांगितली नसती; अडकवायला केली असती, तर त्यानंही सोनंच टाकलं असतं."

"मग हो?"

"लोखंड टाकणाऱ्याला तिचं नुकसान करायचंच नव्हतं. त्याला तिला मदत करायची होती. शस्त्र म्हणजे ते घडवायचंच, आणि घडवायचं तर आधी कच्चा माल हवा, हे ज्याच्या हाडीमाशी भिनलंय असा माणूस." त्या वळल्या. "बाळासो, शनिवारी लोखंड शून्य होतं, हे तुम्हांला कसं कळलं? आकडा तर सोमशेखरच्या खिशात होता."

बाळासोंची मान खाली गेली.

"सकाळी तिची मशीन चालू करून डाव उघडला, तवा कोठार दिसलं. रिकामं. आक्का, आमची फौंड्री बंद पडली, त्याआधी आठ दिवस साठ माणसं मालाची वाट बघत बसून होती. शून्य बघितलं आन् जीव ऱ्हाईना. ती अक्षरं पोरांकडून ऐकलेली, दाबली. भट्टीबिगर बी लढता येतंय, हे डोस्क्यातच आलं न्हाई. मग आरडाओरडा झाला आन् माझी जीभ टाळ्याला चिकटली."

गंगव्वांना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांना त्या माणसाची दयाच आली.

सोमशेखरनं शनिवारची जपून ठेवलेली प्रत उघडली. "आकडे जुळले. डाव इथूनच पुढं."

तेवढ्यात दारात शिवलीलाचे अप्पा उभे राहिले. टोपीही काढली नव्हती. "चोरी कुणी केली?"

शिवलीला उठली. तिच्याआधी बाळासो पुढं झाले.

"म्या केली, पावणं. पोरीचा काडीचा दोष न्हाई. ती लोखंड साठवतच न्हाई, लागतील तशा तलवारी बाजारातनं घेती. तिला कायबी बोलू नका."

अप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग लेकीकडं पाहिलं. खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले.

"तलवारीला आज काय भाव चाललाय गं?"