जुन्या आवृत्तीचा राखणदार

नेदरलँड्समधल्या डेन बॉशच्या बोचऱ्या वाऱ्यात, संमेलनाच्या दाराशी, माझ्या सायकलचं हँडल त्याच्या सायकलमध्ये अडकलं होतं. मी ओढतेय, तो ओढतोय... शेवटी तो म्हणाला, "राहू दे. संध्याकाळपर्यंत आपण दोघं आतच आहोत."

त्याचं नाव येल्मर. तो दिवसभर माझ्या शेजारीच बसला आणि मी, निन्के, लेवार्डनच्या, कालव्यांचं पाणी सांभाळणाऱ्या जलमंडळातली साधी नकाशेवाली, उगाच केस सावरत राहिले.

आमचं नकाशांचं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. देशोदेशीची माणसं ते लिहितात आणि अधूनमधून अशी एकत्र जमतात. त्याची नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते. पण एक आवृत्ती वर्षभर जपतात – तिच्यात नवं काही घालायचं नाही, मोडलेलं तेवढं दुरुस्त करायचं. आमच्यासारखी सरकारी कार्यालयं तिच्याच भरवशावर चालतात. तिचा राखणदार येल्मर.

दुसऱ्या दिवशी इटलीहून जिनेव्रा आली. येऊ घातलेली आवृत्ती तिच्या हातची, आणि यंदापासून जपायचा मान त्याच आवृत्तीला मिळणार होता. येल्मर सकाळपासून तिच्याच टेबलाशी. ती हसायची, हसता हसता त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. माझा नुसता जळफळाट झाला.

कालव्यांच्या झडपा दाखवणारं एक प्लगिन, म्हणजे या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मी लिहिलंय. प्लगिन कुठल्या आवृत्तीपर्यंत चालतं, ते ज्याचं त्यानेच नोंदवायचं. कुणी तपासत बसत नाही. मी नोंदवलं – नव्या आवृत्तीत चालत नाही. खरं तर छान चालत होतं. नुकतंच पाहिलं होतं. पण बसू दे म्हटलं बाईंना डोकं धरून!

जेवणाच्या सुट्टीत येल्मर सगळ्यांसमोर उभा राहिला. निन्केचं प्लगिन नव्यात चालत नाही, कितीतरी जलमंडळं त्यावर अवलंबून आहेत, तेव्हा जुनी आवृत्ती आणखी वर्षभर चालू ठेवू, असं त्याने सांगितलं. सगळं काम तो एकटा करणार होता, सुट्टीच्या दिवशी, फुकट. जिनेव्राचा चेहरा पडला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी ताट तसंच ठेवून उठले.

कॉफीच्या यंत्रापाशी मी दोघांना गाठलं.

"ते चालतं," मी म्हणाले. "मी खोटं नोंदवलं."

"का?" येल्मरने विचारलं.

"तू सकाळपासून हिच्याजवळ बसला होतास म्हणून."

जिनेव्राने कप खाली ठेवला. "हा सकाळपासून माझ्याशी भांडत होता, बाई! तुझ्या झडपांना लागतं ते काढू नको म्हणून. निन्के, निन्के... कान किटले माझे. शेवटी हरले मी, ठेवलं. म्हणून तर चालतंय ना! तुझी नोंद बघून आम्हाला वाटलं, आणखी काहीतरी मोडलं."

ती निघून गेली. माझे कान तापले होते.

"आत जाऊन सांगते सगळ्यांना," मी म्हणाले. "मग तू सुटशील. तिचा मान तिला मिळेल."

"सांग. सांगायलाच हवं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "पण मग माझे सगळे शनिवार रिकामे होतील... ते तुला हवेत का?"

"सगळे हवेत," मी म्हणाले, आणि कबुली द्यायला आत गेले.