काकासाहेबांना हवा होता उतारा

जाफराबादहून जालन्याला निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये वंदना घरासमोरच्या फाट्यावर चढली, ती तोंडातल्या तोंडात पाठांतर करतच. गावच्या उपकेंद्रात डॉक्टर नसतो. तपासायचं तिनंच, गोळ्या द्यायच्या तिनंच. म्हणून तिच्यासारख्या सिस्टरांना औषधशास्त्राच्या उजळणीला बोलावलं होतं. पाच दिवस, आणि शेवटी परीक्षा.

“मॉर्फिनवर नॅलोक्सोन… हेपॅरिनवर… हेपॅरिनवर…”

“प्रोटामिन,” शेजारून हलकेच आवाज आला.

मांडीवर बॅग, खिशाला दोन पेनं. औषध कंपनीचा माणूस असणार, असं ठरवून वंदनानं त्याला सुनावलं, की दुसऱ्याच्या अभ्यासात तोंड घालू नये. तो मुकाट्यानं खिडकीबाहेर बघत बसला. दीड तासानं तोच माणूस फळ्यापुढे उभा होता, आणि वंदना शेवटच्या बाकावर मीना सिस्टरच्या पाठीआड लपत होती.

हा राधेश्याम सर विषबाधेवरची औषधं, म्हणजे उतारे, शिकवायचा. “उतारा वेळेत पोचला, तरच तो उतारा,” हे वाक्य रोज एकदा तरी यायचंच. आणि ते म्हणताना नजर… शेवटच्या बाकाकडे. तिसऱ्या दिवसापासून काळीपिवळीत तिच्यासाठी खिडकीची जागा धरलेली असायची. पाठ म्हणताना ती मुद्दाम अडायची, तो मुद्दाम उशिरा सांगायचा. बोलता बोलता कळलं, की त्याचे वडील एसटीत कंडक्टर, आणि शेत म्हणाल तर गुंठाभरही नाही. तेव्हापासून वंदना घरी त्याचं नाव काढेना.

कारण तिचे वडील, काकासाहेब. तीन वर्षांत आलेल्या प्रत्येक स्थळाला त्यांनी आधी सातबाऱ्याचा उतारा मागितला होता, मुलाचं नाव नंतर विचारलं होतं.

चौथ्या दिवशी राधेश्यामनं फळ्यावर आपला नंबर लिहिला. उताऱ्याबद्दल शंका आली तर कधीही फोन करा, म्हणाला. वंदनानं वहीत नीट उतरवून घेतलं: उतारा – राधेश्याम सर, आणि पुढे नंबर.

संध्याकाळी ती वही काकासाहेबांच्या हाती लागली. पोरगी लाजून बोलत नाही, लिहून ठेवते, असा त्यांनी अर्थ काढला आणि ओसरीवरून नंबर फिरवला. कमी ऐकू यायचं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. चुलीपाशी वंदनाला शब्द न् शब्द ऐकू आला.

“सर, मी वंदनाचा बाप. उतारा पायजेल होता.”

“कुणी घेतलं? किती?”

“ते तुम्ही सांगा ना. घेतलेलं हाय का वडिलांपासूनचं?”

“वडिलांनी… म्हणजे तुम्ही घेतलंय?”

“मी कशाला घेऊ आता? मी तं पोरीचं बघून राह्यलो.”

“वंदना? ती… ती शुद्धीवर आहे ना?”

“शुद्ध कुठली? चार दिस झाले, तिचं चित्त जाग्यावर न्हाई.”

पिठाच्या हातांनी वंदना बाहेर धावली, तोवर फोन बंद झाला होता. तिनं चारदा लावला. उचलेना.

वीस मिनिटांत दारात मोटारसायकल थांबली. एका पायात बूट, एका पायात चप्पल, काखेत औषधांची बॅग. पत्ता त्यानं विचारला नव्हता… रोज जीपमधून तो या घराकडे बघायचा वाटतं.

“किती गोळ्या? केव्हा?” त्यानं तिचं पिठाचं मनगट धरलं.

“एकही न्हाई,” वंदना पुटपुटली. “बाबांना सातबारा पायजे.”

राधेश्यामला समजायला जरा वेळ लागला. मग कानापर्यंत लाल झाला. “माझ्या नावावर एक गुंठा नाही, काका.” मनगट सोडायचं मात्र तो विसरला.

काकासाहेबांनी बुटाकडे बघितलं, चपलेकडे बघितलं, मग त्या मनगटाकडे. ते वंदनानंही सोडवून घेतलं नव्हतं.

“मंग या बॅगीत कोणता उतारा घेऊन आलात?”

“घरात होती नव्हती ती सगळी औषधं.”

“जल्दी आलात, बराबर हाय. तं बघा मंग हिला काय झालं. रोज दूध उतू घालवून राह्यली, कालवणात दोनदा मीठ.”

त्यानं नाडी मोजली. पुन्हा मोजली.

“याच्यावर… उतारा नाही, काका. मलाही तेच झालंय.”

“अन् लागण कुठं झाली?”

“काळीपिवळीत,” वंदना खाली मान घालून म्हणाली.

काकासाहेबांनी वही मांडीवर घेतली, राधेश्यामच्या खिशातलं एक पेन काढलं, आणि ‘उतारा’ या शब्दावर सावकाश रेघ मारली. नाव आणि नंबर राहू दिला.