चिनी बरणीतला केस

ती बरणी अजून माझ्या घरात आहे. ज्याला ही हकिगत खोटी वाटते, त्याने खुशाल यावं आणि झाकण उघडावं.

मी उघडणार नाही.

साल १९३४. निजामाचं राज्य. गाव टेंभुर्णी. वैशाखातली भर दुपार.

माझी आई शरयू तेव्हा नवी सून होती. घरात लोणच्याची एकच मोठी बरणी, निळ्या नक्षीची. पणजोबा पलटणीत कारकून होते, त्यांनी ती चीनहून आणलेली. तिकडे तेव्हा बंड पेटलं होतं. पुरुषही वेणी घालत. बंडवाले म्हणत, वेणी कापा. बादशहाची माणसं म्हणत, वेणी नसेल तर मुंडकं उडवू. तसल्या धामधुमीत पणजोबांनी एका जळक्या घरातून ही बरणी उचलली.

घरात कोण होतं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

आईने लोणचं घातलं. आठव्या दिवशी झाकण काढलं, तर फोडींत...

केस. काळा, हातभर लांब.

"अवदसे, केस सोडून सैपाकघरात येती का?" माझी आजी, द्वारकाबाई, कडाडली. सगळं लोणचं उकिरड्यावर गेलं.

दुसऱ्या वर्षी आईने डोक्याला फडकं गच्च बांधलं. तरी केस निघाला.

"पुढच्या साली निघाला तर सरळ माहेरी धाडीन. परत आणायची न्हाई!"

आई म्हणायची, "डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं गं. माझा नव्हता तो केस! पण ऐकतं कोण?"

तिसऱ्या वर्षी आजीची जाऊ, दुर्गाबाई, मधे पडली. चौदाव्या वर्षी विधवा झालेली. दर पंधरवड्याला न्हावी येऊन तिचं डोकं करून जायचा.

"माझ्या डोक्यावर केसच न्हाई," ती म्हणाली. "लोणचं मी घालते. शरयू, तू उंबरा ओलांडू नको. मंग बघू कुणाचा निघतो."

आठवा दिवस. दुपार. घर चिडीचूप.

बरणीतून आवाज आला...

कच्... कच्...

कात्रीचा.

दुर्गाबाईने झाकण काढलं. तेलावर अख्खी वेणी तरंगत होती. घट्ट विणलेली, एका टोकाला कापलेली.

आजीने माहेरी धाडायचं नाव पुन्हा काढलं नाही. आई सुटली.

दुर्गाबाईने हळूच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "यालाबी कापताना कुणी विचारलं नसंल," एवढंच बोलली.

पुढच्या पंधरवड्याला न्हावी ओट्यावर बसून राहिला. दुर्गाबाई बाहेर आलीच नाही. आजीने थयथयाट केला, नातलगांनी पंगतीतून उठवलं. ती हटली नाही. केस वाढले, पुढे पिकले.

त्या सगळ्या वर्षांत लोणच्यात एकही केस निघाला नाही.

१९४६ साली दुर्गाबाई गेली. मी दहा वर्षांची होते, मी पाहिलंय.

"अशा केसांनिशी गती मिळायची न्हाई," आजी म्हणाली. न्हाव्याला बोलावलं. आईने त्याचा हात धरला, ओरडली, रडली. तिला ओढून बाजूला केलं.

मेलेल्या बाईचे केस उतरवले हो त्यांनी! दहा वर्षं जे जमलं नाही, ते ती गप्प पडल्यावर केलं. माझा संताप अजून जात नाही.

पुढच्या वैशाखात आईने लोणचं घातलं. आठव्या दुपारी आम्ही दोघी जेवत होतो.

कच्... कच्...

आईने झाकण काढलं. हात घातला. एक केस बाहेर ओढला.

पांढरा होता.