तोलनाचं वाक्य

हेमांगी टिल्लूंच्या प्रयोगशाळेत दोनच दिवे महत्त्वाचे होते, एक हिरवा आणि एक तांबडा. कोल्हापूरच्या त्या इस्पितळात जिवंतपणी अवयव द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्यासमोर बसावं लागे. दाता राजीखुशीने देतो आहे की कुणी त्याला भरीस घातलंय, हे ओळखणारा हृन्मनमापक त्यांनीच घडवला होता. सरकारने तो सक्तीचा केला आणि बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली. बाईंनाही ते मनातून आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या मंगळवारी खुर्चीत फलटणची मृणाल भोईटे होती. थोरल्या दिराला, वामनरावांना, ती मूत्रपिंड देणार होती. छातीला पट्टा, कपाळाला पट्टी.

"मी राजीखुशीनं देते," ती म्हणाली. हिरवा दिवा लागला.

"झालं तर मग. उद्या सकाळी शस्त्रक्रिया," मूत्रपिंडाचे शल्यविशारद शाकीर मुजावर उठत म्हणाले.

हेमांगी पडद्याकडेच बघत होत्या. त्यांनी शाकीरना शेजारच्या खोलीत नेलं. "आज मंगळवार आहे म्हणाली, तर तांबडा. फलटणहून आले म्हणाली, तांबडा. हे एवढंच हिरवं कसं?"

"घाबरली असेल. कशाला दुधात मिठाचा खडा टाकतेस?"

"शाकीर, हृदयाला स्वतःच्या चेतापेशी असतात. मनानं एक म्हणावं आणि हृदयाला ते पटू नये, की दोघांच्या लयीत फट पडते. प्रत्येकाची लय निराळी, म्हणून आपण आधी तोलन करतो. निर्विवाद खरं असं एक वाक्य बोलायला लावतो. पुढचं जे त्याच्याशी जुळेल ते हिरवं, न जुळेल ते तांबडं."

"हे मला पाठ आहे."

"मग तोलनाचं वाक्यच खोटं असलं तर?"

शाकीर खाली बसले. "तर सगळं उलटं दिसेल. खोटं हिरवं, खरं तांबडं. पण ते वाक्य म्हणजे 'माझं नाव अमुक'. स्वतःच्या नावाबद्दल कोण खोटं बोलेल?"

हेमांगींनी लग्न केलं नव्हतं आणि शाकीर पुरुष होते. त्यामुळे उत्तर सुचायला दोघांनाही अंमळ वेळच लागला.

"मृणाल हे सासरचं नाव का गं?" हेमांगींनी परत येऊन विचारलं.

"होय. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं की. आधीची मी कावेरी." ती ओशाळून हसली. "आता सगळी मृणालच म्हणतात. मी ओ पण देते. मनाला सवय झाली."

मनाला झाली होती, हृदयाला नव्हती. कावेरी या नावाने पुन्हा तोलन केलं, तर मंगळवार हिरवा झाला आणि फलटणही हिरवं झालं. मग ती पुन्हा म्हणाली, "मी राजीखुशीनं देते." तांबडा दिवा लागला.

तिने त्या दिव्याकडे बोट दाखवलं. "बाई, मघाशी हिरवा लागला तेव्हा मला वाटलं, मला माझंच कळत नसंल. भावजी सोन्यासारखा माणूस आहे हो. पण मला लई भ्या वाटतंय. घरात सगळ्यांनी ठरवलं, मला कुणी विचारलंच नाही." तिने हेमांगींचा हात धरला. "लाल दिवा लागला असं घरी सांगू नका. मला त्याच घरात नांदायचंय."

आजवर किती जणी हिरव्या दिव्याखालून आत गेल्या असतील, हे विचारायचंही हेमांगींना धैर्य झालं नाही. "जुने सगळे निकाल उद्यापासून तपासू," शाकीर हळूच म्हणाले.

"आणि हिचा?"

"ऊती जुळत नाहीत असं लिहू शकतेस. पण अहवाल तुलाही पट्टा बांधूनच वाचावा लागतो. ऊती तर छान जुळतात. तांबडा लागला तर तुझी नोकरी जाईल आणि तिचंही उघडं पडेल."

हेमांगींनी पट्टा आणि पट्टी बांधली. आपल्या खऱ्या नावाने तोलन केलं आणि वाचलं, "दात्रीच्या ऊती रुग्णाशी जुळत नाहीत."

हिरवा दिवा लागला.

"यंत्र बिघडलं," शाकीर म्हणाले.

"नाही. ते फक्त मन आणि हृदय भांडतायत का एवढंच बघतं. माझी दोघं या खोट्यावर एक झाली." त्या कोरडं हसल्या. "बेधडक खोटं बोलणाऱ्या कसायाचाही हिरवाच लागेल. याला सत्य म्हणत मी उगाच मिरवलं."

पट्टा-पट्टी काढून त्या मृणालला घेऊन बाहेर आल्या. व्हरांड्यात वामनरावांची बायको अनुराधा उभी होती. तिला मधुमेह, म्हणून तिला स्वतःला देता येत नव्हतं. हेमांगींनी तिला तेच वाक्य सांगितलं. वामनरावांचं नाव मृत दात्यांच्या प्रतीक्षायादीत राहील, तोवर डायलिसिसने रक्तशुद्धी चालू ठेवू, असंही सांगितलं.

पदराने डोळे पुसून अनुराधा मागे उभ्या असलेल्या जावेकडे वळली आणि तिला जवळ घेतलं. "तू का रडतीस बाई? तू तर द्यायला तयार झाली होतीस. एवढं कोण करतं दुसऱ्यासाठी?"

मृणालला हुंदका आवरेना. हेमांगींनी नकळत छातीवर हात ठेवला. आत नुसती धडधड चालली होती. आता पट्टा असता, तर दिवा तांबडा लागला असता. वाक्य तेच होतं, एका अक्षराचाही फरक नव्हता.