बुडणारी कांडी

जिंतूरच्या पुढे डोंगरात आमची शाळा. गावात विजेची तार आली नव्हती, म्हणून सत्त्याऐंशी साली शाळेच्या छतावर उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या बसवल्या. कोपऱ्यातल्या खोलीत बॅटऱ्या आणि चार्जरची पेटी. संध्याकाळच्या अभ्यासवर्गाच्या ट्यूब त्यांच्यावर चालत.

बॅटऱ्यांची निगा मीच राखत असे. झाकण उघडायचं, रबरी फुग्यानं काचेच्या नळीत थोडं आम्ल ओढायचं. आतली कांडी तरंगली तर बॅटरी भरलेली, बुडाली तर उतरलेली. मुलांना हे दाखवताना मला वेळेचं भान राहत नसे.

माझी पत्नी कस्तुराबाई, शाळेतल्या मुलांची काकू, आम्लानं जळलेलं माझं धोतर शिवत म्हणायची, "त्या डब्यांची तब्येत रोज बघता. माझी नाडी कवा धरली का?"

"तुला काय झालंय?"

"तेच म्हणायले मी. काही झाल्याबिगर तुमी बघणार न्हाई." मग दोरा तोडून म्हणायची, "अन् त्या सूर्यभानच्या पोरीशी बोलता तसं एकदा माझ्याशी बोला."

आम्हाला मूल नव्हतं. सूर्यभानची सत्यशीला सातवीत होती, वर्गात सगळ्यांत हुशार. शिष्यवृत्ती मिळाली तर परभणीला वसतिगृहात राहून शिकणार; नाही मिळाली तर बाप तिला कापूस वेचायला नेणार होता. घरी तिच्याकडे चिमणीपुरतंही रॉकेल नसे. अभ्यास व्हायचा तो शाळेच्या उजेडातच.

पावसाळ्यात कस्तुराबाई तापानं गेली.

मी वर्ग पुन्हा सुरू केला. सत्यशीलेनं नळीत आम्ल ओढलं. कांडी बुडाली. मी नळी हातात घेतली, कांडी वर आली. तिच्या वर्गातल्या भुजंगच्या हातात दिली, तरंगतच राहिली. पुन्हा तिच्या हातात देताच तळाला गेली.

"हात हलवू नकोस, बाळ."

"हलवत न्हाई, गुरुजी. वरून कोणीतरी दाबायलंय."

मी रबर बदललं, नळी धुतली. फरक पडला नाही. तिला बॅटऱ्यांपासून दूर ठेवलं, तर संध्याकाळी तिच्या डोक्यावरची ट्यूब मंद झाली. जागा बदलली, तर तिथली ट्यूब मंद झाली. जिंतूरहून आलेल्या मिस्त्रीनं सगळं तपासलं. "गुरुजी, बॅटऱ्या एक नंबर हायेत. तार सगळ्यांची एकच हाय. एकटीवरच अंधार कसा पडंल?"

परीक्षा जवळ आली होती. अंधारात डोळे ताणून सत्यशीला वाचायची. मी कंदील घेऊन तिच्याजवळ बसलो, तर कंदीलही भुरभुरून विझला.

मग एका संध्याकाळी तिच्यावर लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशीही. ती भराभर गणितं सोडवत होती. मला हायसं वाटलं.

"कितवं चाललंय, सत्यशीला?"

ती बोलली नाही.

मी वाकून पुन्हा विचारलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान वर करून हळूच म्हणाली, "काकू, एवढं एकच सांगू का गुरुजींना?"

वर्गातल्या सगळ्या ट्यूब एकदम मंद झाल्या.

सत्यशीलेनं मान खाली घातली आणि पेन्सिल उचलली. उजेड परत आला.