बाजूला काढलेली नोंद

“माझा पूल कुणी गिळला?”

दारात एक भिजलेला रेनकोट उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत हेल्मेट. टेबलामागे बसलेल्या तिने संगणकावरून मान वर केली आणि... छे, असे डोळे घेऊन कुणी सरकारी कामाला येऊ नये!

महामार्गावरचे पूल किती वर्षांत किती झिजतील, याचा अंदाज सांगणारं संगणकी मॉडेल ती बनवायची. तो पुलांखाली उतरून त्यांना गुण देणारा नवा तपासनीस. नदीवरच्या पुलाला त्याने सातावरून थेट पाचावर आणलं होतं. वर्षात दोन गुणांची घसरण दिसली की तिचं मॉडेल ती नोंद चूक समजून बाजूला काढायचं.

“पूल असे एकदम घसरत नाहीत,” ती फणकारली.

“या पुलाला तुमचा नियम कुणी वाचून दाखवला नसेल.” तो हसला. “चला, दाखवतो. की पाय मळतील?”

पाय मळतील म्हणे! ती ताडकन उठली.

पुलाखाली त्याने तुळईवर हातोडी मारली. खणखणीत आवाज आला. दोन पावलं पुढे जाऊन हातोडी तिच्या हातात दिली — बोटांना बोटं लागली, दोघांनीही लक्ष नसल्याचं सोंग केलं. तिने ठोका मारला. पोकळ, बद्द आवाज. काँक्रीटचा पापुद्रा खाली पडला आणि गंजून फुगलेल्या सळया दिसल्या. तेवढ्यात वरून ट्रक धडधडत गेला. त्याने आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं.

“आणि तुम्ही?”

“माझं डोकं तसंही टणक आहे.”

दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितल्यावर तिचे साहेब म्हणाले, “ट्रक थांबवले तर बोंबाबोंब होईल. ती नोंद बाजूलाच राहू दे. नाहीतर बदली कुठे होईल, सांगता येत नाही.”

ती दाराकडे वळली. “कुठेही करा, साहेब. तिथेही पूल असतीलच.”

तिने नोंद परत घातली, अहवालावर सही केली आणि तो स्वतःच मुख्य कार्यालयात नेऊन दिला. आठवड्याभरात पुलावर ट्रकबंदी आली. तिच्या टेबलावर बदलीचा हुकूम आला.

तो पुलाच्या तोंडाशी भेटला. चेहरा पडलेला. “माझ्यामुळे झालं हे...”

“तुमच्यामुळे कशाला? माझ्या हट्टामुळे.” ती थांबली. “दुसरं एक मात्र तुमच्यामुळेच झालंय. मीही एकदम घसरलेय... आठवड्याभरात.”

“चूक तर नाही ना?” त्याने हळूच विचारलं. “मॉडेल काढून टाकेल...”

तिने त्याचा मळका हात घट्ट धरला.

“काढून तर बघू दे कुणाला!”